ढिलं स्टिअरिंग आणि शुक्रवारची भिवंडी

भिवंडीला कोणी सहलीला जात नाही. आम्ही जानेवारीत चार दिवस जाऊन आलो हे ऐकल्यावर ऑफिसातल्या एकीने विचारलं, "कोण आजारी आहे?" प्रश्न बरोबर होता. आजारी आमची जीप आहे की माझा नवरा, हेच ठरवायला आम्ही गेलो होतो.

आधी थोडक्यात माहिती देते, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. विनायक, माझा नवरा, कृषी खात्यातून निवृत्त झाला. आता तो पेठ आणि त्र्यंबककडच्या पाड्यांवर जाऊन आंब्याची कलमं बांधायला शिकवतो. तिकडचे रस्ते साध्या गाडीला झेपत नाहीत, म्हणून आमच्या दारात चोवीस वर्षं जुनी फोर-व्हील जीप आहे. दिवाळीपासून विनायकचा उजवा हात कापतो. फार नाही, कप बशीत वाजेल इतका. डिसेंबरात एका वळणावर जीप पांढरी रेघ ओलांडून समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर गेली. थोडक्यात निभावलं. विनायकचं म्हणणं, स्टिअरिंग ढिलं झालंय, गाडी भरकटते. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी की हात?"

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मी जेवताना तोडगा काढला. जीप नीट तपासून घ्यायची. दोष निघाला तर दुरुस्त करून विनायकने चालवायची. नाही निघाला तर त्याने चालवणं बंद. दोघांनी मान्य केलं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची होती, म्हणजे जीपचा निकाल त्याआधी लागायला हवा होता.

जुन्या जीपची कामं करणारे मिस्त्री वडप्याला आहेत, असं विनायकच्या चुलतभावाने, शिरीषभावोजींनी, फोनवर सांगितलं. ते भिवंडीत राहतात. शाळेत गणित शिकवायचे, आता घरी असतात. मी जीपच्या जुन्या पुस्तकातून स्टिअरिंगमध्ये ढिलं होऊ शकेल अशा अकरा जागांची यादी वहीत उतरवली, प्रत्येकीपुढे खूण करायला चौकोन काढला, आणि आम्ही निघालो.

बुधवार: कसारा ते काल्हेर

उतरताना चालवायचं विनायकनेच, हे त्याने निघण्यापूर्वी सांगून टाकलं. "मिस्त्रीला काय होतंय ते सांगायचं तर मला कळायला नको?" कसारा घाटात मी दाराची मूठ धरून बसले. त्याचा हात स्टिअरिंगच्या चाकावर होता, ते थोडं इकडे, थोडं तिकडे फिरत होतं, आणि जीप आपल्या मनाने चालली होती. यात कोण कोणाला हलवतंय ते बाजूला बसून मुळीच कळत नाही. मी घाटभर बघितलं. शहापूरला पोहोचेपर्यंत माझं मत चार वेळा बदललं होतं.

पडघ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं सुरू होतात. आमच्याकडे हायवेला द्राक्षबागा दिसतात, तशी इथे निळ्या पत्र्याची गोदामं. मध्येच एखादा भाताचा मोकळा तुकडा, त्यात चार म्हशी, आणि त्यांच्यामागे कंटेनरची रांग.

पहिला थांबा काल्हेरचा. तिथे यंत्रावर चाकांची अलाइनमेंट बघतात. तिथल्या माणसाने पडद्यावर लाल आणि हिरवे आकडे दाखवले, खाली काहीतरी फिरवलं, सगळे आकडे हिरवे झाले.

"आता मक्खन चालेल," तो म्हणाला.

बाहेर पडल्यावर विनायकने मलाच चालवायला दिली. मी एरवी आमची छोटी गाडी चालवते. जीप मला ढिली वाटली. पण मला ती जीप पहिल्या दिवसापासून ढिलीच वाटत आली आहे, त्यामुळे माझ्या साक्षीला अर्थ नव्हता. मग त्याने घेतली. अर्ध्या किलोमीटरवर एका ट्रकवाल्याने लांबलचक हॉर्न दिला.

"बघितलंस?" विनायक म्हणाला.

बघितलं होतं. काय बघितलं ते सांगता येत नव्हतं.

भिवंडीत शिरीषभावोजींचं घर एका गल्लीत आहे. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड आहे, खटाखट चालू. ताटातलं पाणीसुद्धा बारीक थरथरतं. मी भावोजींना विचारलं, याचा त्रास होत नाही का? ते म्हणाले, "कसला?" जेवायला त्यांच्या बायकोने, सुनंदाने, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी हाताला लागतच नाही. मी चार खाल्ल्या आणि पोट भरलंय की नाही याचाही अंदाज येईना. बाकी सगळ्याबद्दल जी अवस्था होती तीच.

गुरुवार: वडपे

वडप्याला नाशिकचा हायवे आणि भिवंडीचा रस्ता एकत्र येतात. तिथे बाळाराम मिस्त्रीचं गॅरेज आहे: वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन, आणि मागे त्याची स्वतःची वांग्याची वाडी. बाळाराम पन्नाशीचा, तिथलाच. त्याच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी जमिनी गोदामांना दिल्या, याने गॅरेज धरून ठेवलं.

मी वही उघडली. "अकरा जागा आहेत. एकेक बघू."

"मॅडम, वहीत बघून गाडी बरी होत न्हाय," बाळाराम म्हणाला. "पुढची बाजू उचला."

जॅक लावून पुढची दोन्ही चाकं हवेत उचलली. त्याने चाक वरून-खालून धरून हलवलं, बाजूने हलवलं. दोन बॉल जॉइंट, म्हणजे चाकांजवळचे सांधे, खलास निघाले. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दोन चौकोनांत खुणा केल्या. जॉइंट बदलले. मग त्याने स्टिअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू पाना लावून दाबला. हा डबा म्हणजे चालकाच्या दांड्याचं फिरणं चाकांकडे वळवणारी गिअरची लोखंडी पेटी. "यातला खेळ काढला," तो म्हणाला. खेळ म्हणजे आतलं रिकामं हलणं.

काम चाललेलं असताना आम्ही कडेला बसलो. वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची एक ठाकर बाई तिथे वालाच्या शेंगांचे वाटे मांडून बसली होती. विनायक अशा ठिकाणी गप्प बसू शकत नाही. त्याने तिला विचारलं, तुमच्याकडे आंबा आहे का?

"हाय ना. चार झाडं हायत. आंबट."

"त्यालाच कलम बांधलं तर गोड लागेल," आणि त्याने तिथल्या तिथे एक काडी तासून, दुसरीला चीर पाडून, कसं बसवायचं ते दाखवायला घेतलं. चीर सरळ जाईना. बाईने थोडा वेळ बघितलं.

"दादा, हात कापतंय तुमचा."

"थंडी," विनायक म्हणाला.

दुपारचे बारा वाजले होते. वडप्याच्या जानेवारीला आमच्या नाशिकचे लोक थंडी म्हणणार नाहीत. बाईने काडी त्याच्या हातातून घेतली, कोयत्याने सरळ चीर पाडली आणि परत दिली. त्याने तिला पुढचं सगळं तोंडी समजावून सांगितलं. तिने दोनदा करून दाखवलं, आणि दोन्ही वेळा बरोबर.

संध्याकाळी जीप हातात आली. पहिले तीन किलोमीटर चाक जड होतं पण गाडी सरळ गेली. मी मुलीला "सापडला" असा मेसेज टाकला. चौथ्या किलोमीटरला जीप पुन्हा डावीकडे गेली, विनायकने आणली, ती उजवीकडे गेली. आम्ही वळून परत वडप्याला. बाळारामने पुन्हा जॅक लावला, पुन्हा सगळं हलवून बघितलं, माझ्या वहीतल्या उरलेल्या नऊ जागाही बघितल्या. एकही ढिली निघाली नाही.

"साहेब, गाडीत आता काय न्हाय," तो हात पुसत म्हणाला. मग हसून, "आता चालवनाऱ्याचाच बॉल जॉइंट बदलायला लागंल."

तो गमतीने म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. विनायकही हसला. भावोजींच्या दारापाशी पोहोचल्यावर त्याने किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

"अकराच्या अकरा झाल्या ना?" तो म्हणाला. "ठरलं होतं."

ठरवलं मीच होतं. मी किल्ली पर्समध्ये टाकली. एवढी पद्धतशीर यादी केल्याचा मला आयुष्यात प्रथमच राग आला.

शुक्रवार: भिवंडी

शुक्रवारी सकाळी मला शांततेने जाग आली. माग बंद होते. मी सुनंदाला विचारलं, वीज गेली का?

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "वहिनी, भिवंडीत सुट्टी शुक्रवारची. रविवारी इथे सगळं चालू."

माझ्या वहीत शुक्रवारपुढे "दुसरा मिस्त्री, शक्यतो दोन" असं लिहिलेलं होतं. नाशिकची सुट्टी डोक्यात धरून मी भिवंडीचं वेळापत्रक केलं होतं. भावोजींना विचारायला हवं होतं, ते केलं नाही. आता गल्लीतली निम्मी दुकानं बंद, माणसं आंघोळी करून पांढऱ्या कपड्यांत ओट्यांवर निवांत बसलेली. दिवस वाया गेला असं मी म्हणाले. विनायक म्हणाला, "जाऊ दे. दुसरा मिस्त्री हेच सांगेल."

जीप शेडच्या भिंतीलगत उभी होती आणि तिच्याशेजारी सलीमभाई उभे होते. सलीमभाई त्या शेडमधले जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. भावोजींचे तीस वर्षांपासूनचे शेजारी. आजोबा आझमगडहून आले, हे स्वतः इथेच जन्मले. नमाजला जायचं म्हणून कडक पांढरा कुर्ता घातलेला.

"मास्तर बोलले, गाडी हिलते आणि सापडत नाही," ते म्हणाले. "कसं बघितलं?"

मी वही दाखवून सगळं सांगितलं. जॅक लावून चाकं उचलली इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"चाकं उचलली? का?"

"हलवून बघायला."

"भाभी, गाडी रस्त्यावर ढिली पडते की हवेत? माझा माग रिकामा असतो तेव्हा एकदम शरीफ असतो. लोड आला की नाचतो. मग रिकामा बघून काय फायदा?" त्यांनी कुर्त्याकडे बघितलं. "मी आज खाली वाकणार नाही. हे कपडे खराब झाले तर घरात घेणार नाहीत. तुम्ही वाका. मास्तर, खडू आहे का?"

गणिताच्या मास्तरांच्या घरी खडू नसेल असं होत नाही. मग माग तपासायची त्यांची पद्धत त्यांनी सांगितली. दोन लोखंडं जिथे एकमेकांना भेटतात तिथे दोन्हींवरून मिळून एक खडूची रेघ ओढायची. मशीनला जोर द्यायचा. जिथे रेघ तुटून दोन तुकडे इकडे-तिकडे होतील, तिथे ढिलं. डोळ्यांना हलणं दिसत नाही, तुटलेली रेघ दिसते.

मी साडी सोडून सुनंदाचा जुना पंजाबी ड्रेस घातला आणि पोतं अंथरून जीपखाली शिरले. चाकं जमिनीवरच. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे विटा. विनायक चालकाच्या जागेवर. सलीमभाई बाहेरून सूचना करत होते, भावोजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, आणि ओट्यावरची सुट्टीची मंडळी उठून जवळ आली होती.

अकरा जागा, अकरा रेघा. ग्रीस पुसायचं, रेघ ओढायची, आणि ओरडायचं, "हलवा." विनायक स्टिअरिंग डावी-उजवीकडे करायचा. रेघ अखंड. पुढची. अखंड. सातव्या रेघेला मला घाम आला आणि नंतर समजलं की तो नुसता घाम नव्हता. एक तरी तुटू दे, असं मी एकेका लोखंडाला मनातून म्हणत होते. अकरावी रेघ ओढली. विनायकने चाक फिरवलं. अखंड.

"झाल्या," मी खालून म्हणाले.

चाक हलायचं थांबलं.

"सब हो गये? बरं," सलीमभाई म्हणाले. "आता सांगा, तो डबा कशावर बसलाय?"

"चासीवर. बोल्टने घट्ट बसवलेला आहे. ते माझ्या यादीत नाही."

"का नाही?"

"कारण ते हलणारं नाही. ती गाडीची चौकट आहे."

"भाभी, माग हिलला की नवा पोरगा शटल बघतो, पट्टा बघतो, जे हलतं ते सगळं बघतो. पाया कोणी बघत नाही. पाया तर नाही हलणार ना, असं सगळ्यांना वाटतं. लावा तिथे एक रेघ."

मी डब्याच्या बुडापासून चासीच्या पट्टीपर्यंत रेघ ओढली. "हलवा," म्हणाले.

काही झालं नाही.

"अहो, हलवा."

"बस झालं," वरून विनायकचा आवाज.

"चलाओ भाई," सलीमभाई म्हणाले, "एवढी बायको खाली झोपलीय तुमच्यासाठी."

बघणारे हसले. विनायकने चाक फिरवलं. रेघ मधोमध तुटली. वरचा तुकडा डब्याबरोबर गेला, खालचा तिथेच राहिला, दोघांत माझं नख जाईल इतकं अंतर पडलं. त्याने उलटं फिरवलं, तुकडे जुळून रेघ झाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तुटली. मी पाच वेळा फिरवायला लावलं. माझा विश्वास बसत नव्हता.

फडक्याला रॉकेल लावून जागा पुसली तेव्हा वर्षानुवर्षांच्या चिखल-ग्रीसखाली चीर दिसली. बोल्टच्या भोकापासून निघालेली, चार बोटं लांब, केसाइतकी बारीक. चाकांवर वजन असताना फिरवलं की चासी तिथे वाकत होती आणि अख्खा डबा तिच्यासकट. चाकं हवेत असताना जोरच पडत नव्हता, म्हणून बाळारामला काही दिसलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा विनायक खाली उतरला होता. मी त्याला काही सांगण्याआधी तो स्वतः पोत्यावर आडवा झाला आणि बराच वेळ खालीच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने ते ग्रीसच्या हाताने पुसले, त्यामुळे गाल काळे झाले. मी किल्ली पर्समधून काढून त्याच्या खिशात टाकली. सलीमभाई घड्याळ बघत निघून गेले. दुपारी त्यांच्या घरून शिरखुर्मा आला, ईद नसताना. सुनंदा म्हणाली, त्यांच्याकडे कुणाचं काही बरं झालं की करतात.

शनिवार: वडपे, पडघा आणि पुढे

बाळारामने चीर बघितली आणि डोक्याला हात लावला. "डब्याचा स्क्रू मी सोता दाबला, पन खालची चासी कोन बघतो?" त्याने डबा काढला, चीर घासून वेल्डिंग केली, वर जाड पट्टी बसवली, आणि परवा दाबलेला स्क्रू आपणहून सैल केला. निघताना वाडीतली वांगी पिशवीत भरून दिली. "मगाशी काय... परवा काय बोललो असलो तर सोडून द्या, साहेब."

गावाच्या आतल्या रस्त्यावर मी चालवून बघितलं. जीप सरळ गेली. जिकडे वळवावी तिकडेच वळली. ढिली कशी होती ते एवढ्यात आठवेनासं झालं. मुलीला चिरेचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "सॉरी सांग बाबांना."

मग विनायकने घेतली. हायवेला लागल्यावर मी खिडकीतून बाहेर बघत होते, त्यामुळे सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. पडघा मागे पडलं तेव्हा मला जाणवलं की जीप बारीक बारीक थरथरतेय. भरकटत नव्हती. सरळ जाताना उजवीकडे किंचित, परत, किंचित, परत, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. मला वाटलं वेल्डिंग सुटलं. मी तसं म्हणालेही.

"नाही," विनायक म्हणाला.

शहापूर गेलं. त्याने दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं, मग एकाच, डाव्या हाताने. डाव्या हाताने जीप शांत चालली. उजवा लावला, टाके सुरू. त्याने हे तीनदा केलं. तो तपासत होता.

कसारा घाट सुरू व्हायच्या आधी एक चहाची टपरी आहे. तिथे त्याने जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आधी स्टिअरिंगमध्ये दोन बोटं खेळ होता," तो म्हणाला. "हात हलला तरी त्या खेळातच जिरायचं. चाकांपर्यंत पोहोचायचंच नाही. मला खरंच वाटायचं, सगळं गाडीचं आहे. आता मी जे करतो ते सगळं खाली पोहोचतंय."

"पण दोष निघाला," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर होता. ठरल्याप्रमाणे—"

"निघाला ना. मी बरोबर होतो, आपली मुलगीही बरोबर होती."

मी ठराव केला तेव्हा दोन्ही खरं असेल ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती. मला अजून काहीतरी मांडायचं होतं, मंगळवारच्या डॉक्टरांचं, औषधाने फरक पडेल असं, पण तो दार उघडून उतरला होता. बोनेटला हात लावत पुढून वळसा घालून तो माझ्या दारापाशी आला.

"सरक तिकडे."

मी सरकले. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. तो बाजूला बसला. बराच वेळ गाडी सुरू केली नाही म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं.

"पेठचा रस्ता यापेक्षा वाईट आहे," तो म्हणाला. "बुधवारी पाड्यावरच्यांना येतो म्हणून सांगितलंय. तोपर्यंत तुला चढणीवर गिअर टाकता यायला हवा. पहिल्यात टाक. क्लच पूर्ण दाब, अर्धवट नको."

मी पूर्ण दाबला.